ओव्याच्या मातीतला छद्मविंचू

माझ्या विद्यार्थिनीला नवी प्रजाती सापडली, त्या दिवशी ती पेढे घेऊन विभागात आली. मला मधुमेह नाही, कधी नव्हता. तरी मी डॉक्टरांनी गोड बंद केलंय असं तोंडावर सांगितलं आणि डबा तिच्याकडे परत सरकवला. तिनं मनापासून हळहळ व्यक्त केली, तब्येत सांभाळा म्हणाली, आणि पुढचा आठवडाभर मला विभागात बिनसाखरेचा चहा प्यावा लागला.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. छद्मविंचू म्हणजे विंचवासारखा दिसणारा पण विंचू नसलेला जीव. पुढे दोन लांब चिमटे असतात, मागे शेपूट नसते आणि नांगीही नसते. माणसाला काही करत नाही. एखादा जुन्या पुस्तकात सापडतो, पण बहुतेक सगळे पालापाचोळ्यात आणि त्याखालच्या मातीत राहतात, तिळाहून लहान असतात, आणि त्यांचा कुणाला उपयोग नाही की उपद्रव नाही. म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नाही. मी बघत होते. पनवेलच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. प्रजातीचं पहिलं वर्णन जो प्रसिद्ध करतो, त्याचं आडनाव त्या प्रजातीच्या लॅटिन नावापुढे, वर्षाच्या अलीकडे, कायमचं लागतं. माझी मुलगी बापाचं आडनाव लावते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एक प्रजाती तरी माझं लावेल, माझं लग्नाआधीचं, जे मी कॉलेजात कधी बदललं नाही, एवढी माझी इच्छा होती.

ती पुरी झाली नव्हती आणि निवृत्ती तोंडावर आली होती. जे जे सापडलं ते आधी कुणीतरी लिहून ठेवलेलं निघालं. आणि ही माझी विद्यार्थिनी, जिला भिंगाखाली नजर कशी स्थिर करायची ते मी शिकवलं, जिनं पुढे जाळी विणणाऱ्या कोळ्यांवर पीएचडी केली आणि खारघरच्या कॉलेजात नोकरी धरली, ती एका मोसमात सहज म्हणून मातीत उतरली आणि घेऊन आली.

"मॅडम, बघा ना," म्हणाली. मी बघितलं. सुंदर होता, त्यात वाद नाही. चिमटे मधाच्या रंगाचे, अंग फिकट, आणि डोळे अजिबात नाहीत. खोल मातीत राहणाऱ्यांना ते लागत नाहीत. कुठं मिळाला विचारलं, तर म्हणाली घरामागे. तिचं सासर ओवे गावचं. खारघरचे टॉवर जिथं संपतात तिथं ते जुनं गाव आहे, आणि तिच्या सासरच्या घरामागे आंब्याची झाडं आणि वर डोंगराचा उतार. त्या उतारावर मी चाळणी आणि पांढरं फडकं घेऊन कितीतरी वर्षं हिंडले होते. ती तिथं सून म्हणून गेली, आणि तिला मिळाला.

माझा जळफळाट झाला. हेवा हा शब्द फार सभ्य आहे, त्यानं काम भागणार नाही. तिच्या भिंगाला जोडलेल्या कॅमेऱ्याचा मला राग आला, तिच्या नेटक्या रेखाटनांचा आला, तिच्या वयाचा आला. घरात वर्षाची मुलगी असून तिच्या डोळ्यांखाली काळं नव्हतं, त्याचा तर फारच आला. ती मात्र समोर बसून बोलत होती. मॅडम, तुमच्याशिवाय हे तपासून कोण देणार, मसुदा वाचाल का, नमुने ठेवून जाते. ठेव म्हटलं. नाव काय देणार विचारलं, तर मसुद्यात त्या जागी रेघा मारल्यात, ते नंतर सांगते, असं म्हणून हसली. ते हसणंही मला आवडलं नाही.

ती गेल्यावर मी दार लावून बसले. मसुदा चांगला होता, म्हणून मी तो पुन्हा वाचला. मग नमुन्यांकडे वळले आणि शत्रूच्या घराची झडती घ्यावी तसे ते बघितले. आणि मला ते सापडलं. चिमट्यावर ते बारीक लांब केस असतात, ज्यांनी हा जीव हवेची हालचाल टिपतो. प्रौढाच्या प्रत्येक चिमट्यावर ते बारा असतात. हिच्या दोन्ही नमुन्यांवर दहा होते. तिनंही दहाच मोजले होते आणि तेच या प्रजातीचं वैशिष्ट्य म्हणून मोठ्या हौसेनं लिहिलं होतं, कारण काही छद्मविंचवांत प्रौढांनाही केस कमी असतात हे तिनं वाचलेलं होतं. पण मी त्यांची पोटं पालथी करून बघितली. जिथं प्रौढाची जननेंद्रियं दिसायला हवीत तिथं कोरं होतं. ही पिल्लं होती. शेवटची कात टाकायची बाकी असलेली.

ही चूक कोळ्यांवर काम करत वाढलेल्या माणसानंच करावी. कोळ्याचा नर वयात आला की लांबून ओळखू येतो. छद्मविंचवाचं पिल्लू म्हणजे मोठ्याचीच छोटी प्रत असते. तीनदा कात टाकतं आणि दर वेळी थोडे केस वाढतात, एवढाच फरक. थोडक्यात, तिनं एका पोराला दाढी नाही हे बघून माणसाची नवी प्रजाती जाहीर केली होती.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? मी कँटीनमधून चहा मागवला, त्यात साखर घातली आणि वर बटाटावडा खाल्ला. विभागात कुणीतरी म्हटलंही की आज बाई खुशीत दिसतात.

पण नुसतं पिल्लू आहे म्हणून भागत नाही. कुणाचं पिल्लू, तेही दाखवावं लागतं. त्या उतारावरच्या एखाद्या नेहमीच्या प्रजातीचं असणार, असं मी धरून चालले होते. तो प्रौढ तिच्या पिल्लाशेजारी ठेवायचा आणि विषय संपवायचा, म्हणून मी प्रयोगशाळेतलं माझं कपाट उघडलं आणि ओव्याच्या बरण्या काढल्या. काही निवडलेल्या होत्या, काही नव्हत्या. माझी मुलगी जन्मली त्या सुमाराच्या बरण्या सगळ्यात मागे होत्या, तळाशी मातीचा आणि किड्यांचा गाळ बसलेला. दरवर्षी मी त्यात अल्कोहोलची भर घालत आले होते, पण निवडायला म्हणून त्या कधी उघडल्या नव्हत्या. मुलगी झाली आणि माझ्या दुपारी पाळणाघराच्या वेळेला बांधल्या गेल्या. पुढे मुलगी मोठी झाली, पण तोवर परीक्षा, समित्या आणि वार्षिक तपासण्या आल्या होत्या, आणि त्या बरण्या मागेच राहिल्या.

एकेक बरणी बशीत ओतून बघत गेले. तिसऱ्या का चौथ्या बशीत मधाच्या रंगाचे चिमटे दिसले. डोळे नाहीत. केस मोजले, बारा. पालथा केला, नर. त्याच बशीत मादीही निघाली. मी पुस्तकं काढली, जुने लेख काढले, त्या घराण्यातल्या सगळ्यांशी ताडून बघितलं. तो नेहमीचा कुणी नव्हता. कुणीच नव्हता. आजवर लिहिला गेला नव्हता असा होता, आणि तिची पिल्लं ही याचीच पिल्लं होती.

म्हणजे तिची प्रजाती नवी होती. फक्त ती माझ्या बरणीत होती, माझ्या हस्ताक्षरातली चिठ्ठी गळ्यात घालून, मला मूल झालं तेव्हापासून. आधी मी विद्यार्थिनीवर जळत होते. आता मला माझ्याच तरुणपणीच्या त्या पोरीचा हेवा वाटायला लागला जी पोटुशी असताना उतारावर वाकून माती चाळत होती आणि जिला अजून वाटत होतं की घरी गेल्यावर हे सगळं निवडायचंच आहे.

मग दुसरा विचार आला, आणि तो काही दिवस गेला नाही. पिल्लांवरून केलेलं वर्णन कुठलंही नियतकालिक छापणार नव्हतं. मी तिला खरं तेवढंच सांगितलं असतं, की बाई गं, हे पिल्लू आहे, सोडून दे, तर तिनं सोडलं असतं. आणि काही महिन्यांनी माझ्या बरणीतल्या माझ्या नमुन्यांवरून मी एकटीनं लिहिलं असतं तर मला कुणी चोर म्हटलं नसतं. निवृत्तीआधी माझं आडनाव लागलं असतं, एकटं, शेजारी कुणी नाही. मी तो विचार स्वयंपाक करताना केला, पेपर तपासताना केला, नवीन पनवेलच्या बागेत फेऱ्या मारताना केला. तो मी सोडला तो चांगुलपणानं नव्हे. पिल्लू आहे हे ऐकून तिचं तोंड कसं होतं, ते मला समक्ष बघायचं होतं. आणि एकदा समोर जाऊन बसलं की प्रौढाबद्दल गप्प राहणं मला जमलं नसतं, तेवढी मी स्वतःला ओळखते.

म्हणून एका शनिवारी नर आणि मादी पर्समधल्या कुपीत घालून मी रिक्षानं ओव्याला गेले. दारात तिची सासू होती, नातीला कमरेवर घेऊन. माझ्याच वयाची असेल. नऊवारी गुडघ्यापर्यंत चापूनचोपून नेसलेली, अंगानं काटक.

"बसा बाई, येतेच ती. आज कालिजात काय मिटिंग हाय म्हनं," असं म्हणून तिनं मला मागच्या पडवीत नेलं, कारण तिथं वारा होता.

पडवीत सुके बोंबील टांगायची जुनी दांडी होती आणि त्या दांडीला ओळीनं नरसाळी लटकत होती. प्रत्येकात जाळीवर माती, वर पेटलेला विजेचा दिवा, खाली अल्कोहोलची बाटली. दिव्याच्या उबेनं माती वरून सुकत जाते, जीव ओलाव्यामागे खाली सरकतात आणि बाटलीत पडतात, ही आमची पद्धत. पण आमची नरसाळी प्रयोगशाळेत असतात. इथं शेजारी कांदे होते आणि खाली पोरीची ढकलगाडी. मी बघतेय हे बघून सासू सांगायला लागली. सून सकाळी लवकर निघते, म्हणून दिवे ती लावते. पोरगी दिव्याकडं हात करते म्हणून नरसाळी वर टांगली, बोंबील आता स्वयंपाकघरात गेले. एकदा वीज गेली तेव्हा सुनेला फोन करून विचारलं होतं की काय करू, उन्हात ठेवू का. हे सगळं ती काही विशेष नसल्यासारखं सांगत होती आणि मधेमधे नातीच्या तोंडात मऊ भात घालत होती. मी चहा नको म्हटलं. ती तरी करायला गेली.

विद्यार्थिनी आली. मी फार वेळ लावला नाही, सरळ सांगितलं. केस, पोट, कात. तिचं तोंड बघायला मी एवढ्या लांब आले होते, आणि ते मी बघितलं. रंग उतरला. मुलगी तिची ओढणी ओढत होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. मला यात काहीतरी गोड वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"मग प्रौढ कुठं मिळेल, मॅडम?" एवढंच तिनं विचारलं.

मी पर्समधून कुपी काढून दिली. तिच्या खोलीत खिडकीपाशी भिंग होतं. ती त्यावर बराच वेळ वाकून राहिली, मान वर केली तेव्हा डोळे ओले होते, पण हसत होती. बरणी कधीची आहे ते मी सांगितलं. त्यावर तिनं क्षणभरही विचार केला नाही. पहिलं नाव तुमचं, म्हणाली, माझं दुसरं. मला त्याचाही राग आला. निदान थोडा हिशेब करायचा, थोडं कुरकुरायचं, म्हणजे मला माझ्यासारखं कुणी भेटल्याचं समाधान मिळालं असतं.

मग ती एकदम थांबली. "पण मॅडम, मग नाव बदलावं लागेल."

तेव्हा मला त्या रेघांचा अर्थ कळला. ती त्या छद्मविंचवाला माझं नाव देणार होती. गुरूचं नाव शिष्यानं देणं ही आमच्या शास्त्रातली मानाची गोष्ट. पण जो वर्णन करतो त्यानं प्रजातीला स्वतःचं नाव द्यायचं नाही, असा रिवाज आहे. कायद्यानं मनाई नाही, पण कुणी करत नाही. ते म्हणजे आपल्याच हातानं आपल्या गळ्यात हार घालून घेणं. त्यामुळे दोन्ही एकदम होणार नव्हतं. एकतर तो प्राणी माझ्या नावाचा होईल आणि वर्णन करणारी ती एकटी असेल, किंवा मी वर्णन करणारी होईन आणि प्राणी दुसऱ्या कुणाच्या नावाचा होईल. तुम्ही ठरवा, ती म्हणाली.

मला दोन्ही हवं होतं. पण मान कुणी दिला तर मिळतो, त्यात आपलं काही नसतं. मला ते काम माझं म्हणून हवं होतं, जे मी अर्धं टाकून उठले होते.

"मला लिहायचंय," मी म्हटलं. "माझं नाव वर्णन करणाऱ्यांत घाल."

पुढचे काही महिने मी दर शनिवारी ओव्याला जात होते. आम्ही मापं घेतली, चित्रं काढली, भांडलो. चिमट्याचं चित्र तिनं माझ्यापेक्षा चांगलं काढलं, ते मी दोनदा नाकारलं आणि तिसऱ्यांदा तेच घेतलं. आम्ही भिंगाशी असताना सासू पोरीला घेऊन बाहेर जाई, ती रडली तर आंब्याखाली नेई, आणि आम्हाला हाक मारली तर ती जेवायलाच. एकदा पोरीला ताप होता. मला वाटलं आज काम होत नाही, मी चपला घालायला लागले. "तुमी बसा बाई. ताप हाय, ती काय पलते?" असं म्हणून सासूनं पोर खांद्यावर टाकली आणि दार ओढून घेतलं. मी बसले, पण त्या दिवशी माझ्याकडून एकही माप धड आलं नाही.

सगळं लिहून झालं आणि फक्त नाव राहिलं तेव्हा आम्ही पडवीत बसलो होतो. गावाचं द्यावं, असं मी सुचवलं. विद्यार्थिनी म्हणाली, "आईंचं देऊ या," आणि हनुवटीनं स्वयंपाकघराकडे खूण केली. ती सासूला आई म्हणते.

मी खूप हरकती घेतल्या. त्यांचा शास्त्राशी संबंध काय, अशी नावं देत सुटलं तर लोक हसतील, गावाचं नाव अभ्यासकांना उपयोगाचं असतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली की पोर तान्ही होती तेव्हा ती तिला आईंच्या मांडीवर ठेवून मागच्या उतारावर जायची, आणि आई एकदाही म्हणाल्या नाहीत की आता पुरे. नावाचं कारण लेखात द्यावं लागतं, दोन ओळींत. तुमचं इंग्रजी चांगलं आहे, ते तुम्ही लिहा, असं म्हणून तिनं लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

माझं आडनाव पहिलं लागणार होतं. जे हवं म्हणून इतकी वर्षं झुरले ते हातात आलं होतं. तरी माझी आग कमी झालेली नव्हती, उलट भडकली होती. आणि तिथं त्या पडवीत मला कळलं की मला या पोरीच्या विंचवाचा हेवा कधी नव्हताच. माझ्या सासूबाईंनी गॅलरीतलं माझं एकुलतं एक नरसाळं बघून सांगितलं होतं की तान्ह्या बाळाच्या घरात किडे नकोत. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी ते भीतीपोटी म्हटलं आणि नरसाळं मीच उतरवलं. मग त्या गावी परत गेल्या, आणि दुपारी माझं बाळ धरायला कुणी राहिलं नाही.

सासू कप न्यायला आली तेव्हा विद्यार्थिनीनं तिला सांगितलं. तिला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला.

"माजं? मी काय केलं? पोर सांभाळली, दिवे लावले. त्याला काय काम म्हनतात?"

"माझ्या घरी हे कुणी केलं असतं ना," मी म्हटलं, "तर तो विंचू मला तरुणपणीच दिसला असता."

माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला असणार, कारण दोघीही माझ्याकडे बघायला लागल्या. मग सासूनं नातीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि कप घेऊन आत गेली. पोरगी जड होती आणि ऊबदार होती. मी एका हातानं तिला धरून दुसऱ्या हातानं लिहायला लागले. तिनं लॅपटॉपच्या कळा दाबल्या, माझा चष्मा ओढला, खाली उतरायचं म्हणून कमान केली, आणि पहिलं वाक्य मी तीनदा सुरू करून तीनदा खोडलं. शेवटी तिच्या आजीनं येऊन तिला उचललं, बाहेर आंब्याखाली नेलं, आणि मग मी त्या दोन ओळी लिहिल्या.